संडासच्या तपासणीत जंत कसे सापडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅबच्या खिडकीवर संडासची डबी देताना माणसं संकोचतात. डबी पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत, आणि विचारायचं असतं ते राहूनच जातं. मग रिपोर्ट हातात पडला की फोन येतात. मायक्रोस्कोपवर बसून गेली अनेक वर्षं मी जे प्रश्न ऐकत आले, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. जंत आणि आव यांचं निदान लॅबमध्ये कसं होतं, कुठे चुकतं आणि ते चुकू नये म्हणून नमुना देणाऱ्याच्या हातात काय असतं, एवढाच हा विषय आहे. औषध कोणतं आणि किती घ्यायचं, ते तुमचे डॉक्टर सांगतील.

'स्टूल रूटीन' म्हणजे नेमकं काय तपासतात?

आधी नुसत्या डोळ्यांनी बघतो. शौच बांधलेलं आहे, सैल आहे की पाण्यासारखं. रंग कसा आहे. आव किंवा रक्त आहे का. अख्खा जंत किंवा पट्टकृमीचा तुकडा दिसतो का. पातळ नमुन्यात अमिबा आणि जिआर्डिया या एकपेशीय जीवांची हालचाल करणारी अवस्था, म्हणजे ट्रोफोझॉइट, सापडण्याची शक्यता जास्त. बांधलेल्या नमुन्यात त्यांची कवचातली अवस्था, म्हणजे सिस्ट, सापडते. त्यामुळे डबी उघडल्याबरोबर पुढे काय शोधायचं याचा अंदाज येतो.

मग स्लाइड. काचेच्या एका बाजूला ०.८५ टक्के सलाइनचा थेंब, दुसऱ्या बाजूला ल्युगॉल्स आयोडिनचा. काडीच्या टोकावर जेमतेम २ मिलिग्रॅम नमुना घेऊन प्रत्येक थेंबात कालवायचा आणि वर कव्हरस्लिप ठेवायची. थर किती जाड असावा याची जुनी खूण आजही उपयोगी पडते: स्लाइड वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. मग दहापट मोठं दाखवणाऱ्या, म्हणजे दहाच्या, लेन्सखाली एका कोपऱ्यातून सुरुवात करून, शेत नांगरावं तशी येरझार घालत, अख्खी कव्हरस्लिप बघायची. संशय आला की चाळीसची लेन्स.

सलाइनमध्ये जीव जिवंत राहतात, त्यामुळे हालचाल दिसते. जिआर्डिया तर झाडावरून गळणाऱ्या पानासारखा गिरक्या घेत पुढे जातो. एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही. हॉलंडच्या लेव्हेनहूकने १६८१ साली स्वतःच्याच शौचात तो पाहिला होता. आयोडिनमध्ये ट्रोफोझॉइट मरतात, पण सिस्टमधली केंद्रकं स्पष्ट उठून दिसतात आणि ती मोजता येतात. म्हणून दोन्ही थेंब लागतात. फक्त एकाच थेंबावर भागवलेली तपासणी अर्धीच समजा.

नमुना कशात आणि कसा घ्यायचा?

स्वच्छ, कोरडी, रुंद तोंडाची आणि घट्ट झाकणाची प्लास्टिकची डबी घ्या. लॅबमध्ये मिळते. गावाकडून अजूनही काड्यापेटीतून नमुने येतात. पुठ्ठा ओलावा शोषून घेतो, नमुना वाळतो आणि ट्रोफोझॉइट ओळखू येत नाहीत. काड्यापेटी नको.

आधी लघवी करून घ्या. लघवीने ट्रोफोझॉइट मरतात, म्हणून ती नमुन्यात मिसळता कामा नये. कमोडमधून किंवा जमिनीवरून उचललेला नमुनाही नको, कारण पाण्यात आणि मातीत मोकळेपणाने राहणारे सूक्ष्मजीव आणि अळ्या असतात आणि त्या तुमच्या पोटातल्या वाटू शकतात. कोरडं प्लास्टिक किंवा कागद पसरून त्यावर शौच केलेलं बरं. बांधलेलं असेल तर मोठ्या बोराएवढं पुरे, पातळ असेल तर पाच-सहा चमचे. त्यातही जिथे आव किंवा रक्त दिसतं तो भाग आवर्जून घ्या. लोक नेमका तो भाग बाजूला सारून 'चांगला' नमुना आणतात. आम्हाला हवा असतो तो बाजूला सारलेला.

बाळाचा नमुना डायपरमधून घ्यायचा असेल तर डायपरच्या आत प्लास्टिकचा तुकडा अंथरा, नाहीतर पातळ शी सगळी शोषली जाते. डबीवर नाव लिहाच, आणि शौचाची वेळही लिहा. ती वेळ का लागते, ते पुढच्या उत्तरात.

किती वेळात पोचवायला हवा? रात्रीचा फ्रीजमध्ये ठेवला तर चालेल का?

पातळ नमुना अर्ध्या तासात बघायला हवा. अर्धवट सैल असेल तर तासाभरात. बांधलेला असेल तर त्याच दिवशी. अगदीच इलाज नसेल तर डबी नीट बंद करून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली तरी चालते, कारण अंडी आणि सिस्ट चिवट असतात. पातळ नमुना फ्रीजमध्ये ठेवू नका आणि कोणताही नमुना फ्रीझरमध्ये टाकू नका. अमिबाचे ट्रोफोझॉइट थंड झाले की हालचाल थांबते, थोड्याच वेळात ते फुटतात आणि मग पू-पेशींपासून वेगळे ओळखता येत नाहीत.

उशिराने आणखी एक घोटाळा होतो, आणि तो मी स्वतः केलेला आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी उन्हाळ्यात एक नमुना आदल्या दिवशी सकाळी घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी आला होता. स्लाइडवर वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या आणि मी स्ट्राँगिलॉइडिस, म्हणजे आतड्यातला एक बारीक जंत, असा रिपोर्ट लिहायला घेतला. आमच्या वरिष्ठ मॅडमनी थांबवलं, अळीचं तोंड चाळीसच्या लेन्सखाली आणायला लावलं. तोंडाची नळी लांब होती. ती अंकुशकृमीची, म्हणजे हुकवर्मची, अळी. डबीतच उन्हाच्या उबेत अंड्यातून बाहेर आलेली. स्ट्राँगिलॉइडिसच्या अळीची ही नळी अगदी आखूड असते. दोन्हींचे उपचार आणि पुढचा धोका वेगळा, म्हणून हा फरक महत्त्वाचा. तेव्हापासून डबीवरची वेळ वाचल्याशिवाय मी स्लाइड करत नाही.

लांबच्या गावातून नमुना पाठवायचा असेल तर लॅबमधून आधीच १० टक्के फॉर्मलिनची बाटली नेता येते. त्यात अंडी आणि सिस्ट टिकतात. हालचाल मात्र दिसत नाही.

एकच नमुना पुरेसा का नाही? तीन-तीनदा कशाला?

थोडं गणित करू. माणूस दिवसाला साधारण १५० ग्रॅम शौच करतो असं धरा. स्लाइडवर आपण त्यातलं २ मिलिग्रॅम ठेवतो. म्हणजे ७५ हजार भागांतला एक भाग. आता मोठ्या गोल जंताची, म्हणजे ॲस्कॅरिसची, एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. ती सारखी मिसळली तर एका स्लाइडवर दोन-तीन अंडी येतात; एकच मादी असली तरी सापडण्याची आशा असते. उलट नेकेटर जातीच्या अंकुशकृमीची मादी दिवसाला फार तर दहा हजार अंडी घालते. अशी एकच मादी असेल, तर सात-आठ स्लाइड पाहिल्यावर कुठे एक अंडं दिसेल.

जिआर्डिया आणि अमिबा यांचं तर रोजचं प्रमाणही सारखं नसतं. काही दिवस सिस्टचा लोंढा येतो, मग दोन-चार दिवस काहीच नाही. म्हणून एक दिवसाआड तीन नमुने, साधारण दहा दिवसांच्या आत, असा नियम आहे. एकाच दिवशी एकाच शौचाच्या तीन डब्या भरून आणणं म्हणजे तीन नमुने नव्हेत. हे मी दर आठवड्याला कुणाला तरी समजावून सांगते.

रिपोर्टवर 'ओव्हा (अंडी), सिस्ट नॉट सीन' आहे. म्हणजे जंत नाहीत ना?

म्हणजे त्या दिवशीच्या त्या नमुन्यात दिसले नाहीत. 'नाहीत' आणि 'दिसले नाहीत' यांत फरक आहे आणि रिपोर्टची भाषा मुद्दाम तशी असते. वर सांगितलेलं गणित झालंच, शिवाय जंतांना पोटात मोठं व्हायला वेळ लागतो. ॲस्कॅरिसचं अंडं गिळल्यापासून शौचात नवी अंडी दिसेपर्यंत दोन ते तीन महिने जातात, अंकुशकृमीला पाच ते नऊ आठवडे. या काळात खोकला येईल, पोट दुखेल, रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतील, पण स्लाइड कोरीच राहील. सगळे जंत नर असले तरी अंडी येणार नाहीत. लक्षणं असतील तर डॉक्टरांना सांगून पुन्हा तपासा आणि कॉन्सन्ट्रेशन पद्धतीने करायला सांगा.

कॉन्सन्ट्रेशन म्हणजे काय?

दोन मिलिग्रॅमऐवजी एक ग्रॅम नमुना घ्यायचा, त्यातला चोथा बाजूला करायचा आणि अंडी, सिस्ट, अळ्या एका थेंबात गोळा करायच्या. दोन रस्ते आहेत: बुडवणं आणि तरंगवणं.

बुडवण्याच्या पद्धतीत नमुना फॉर्मलिनमध्ये कालवून दोन पदरी जाळीच्या कापडातून गाळतात, त्यात ईथर किंवा इथाइल ॲसिटेट घालून जोरात हलवतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. नळी बाहेर काढली की तिच्यात चार थर दिसतात: वर इथाइल ॲसिटेट, त्याखाली मेद आणि अन्नाच्या चोथ्याची चकती, मग फॉर्मलिन आणि अगदी तळाशी चिमूटभर गाळ. काडीने ती चकती कडेने सोडवायची, वरचं सगळं एका झटक्यात ओतून टाकायचं आणि तळातल्या गाळाची स्लाइड करायची. १९४८ मध्ये रिची यांनी मांडलेल्या या पद्धतीत जवळपास सगळ्या प्रकारची अंडी मिळतात.

तरंगवण्याच्या पद्धतीत संपृक्त मिठाचं पाणी किंवा १.१८ घनतेचं झिंक सल्फेट वापरतात. छोट्या बाटलीत काठोकाठ मिठाचं पाणी, वर काच टेकवून वीस-तीस मिनिटं थांबायचं. हलकी अंडी वर येऊन काचेला चिकटतात. स्वस्त आणि सोपं, अंकुशकृमीसाठी फार चांगलं. पण टिनियाची, म्हणजे पट्टकृमीची, अंडी, ॲस्कॅरिसची अफलित अंडी आणि अळ्या मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत. म्हणून एकच पद्धत निवडायची तर मी बुडवण्याची निवडते.

अंडी एकमेकांपासून ओळखता कशी? सगळी सारखीच दिसत असतील ना?

अजिबात नाही. ॲस्कॅरिसचं फलित अंडं गोलसर, पित्ताने रंगून सोनेरी-तपकिरी झालेलं, वरचं आवरण खडबडीत. चाबूककृमीचं अंडं लाकडी पिंपासारखं, दोन्ही टोकांना पारदर्शक बुचं. अंकुशकृमीच्या अंड्याला पित्ताचा रंग चढत नाही. बिनरंगी, पातळ कवचाचं, आत चार-आठ पेशींचा पुंजका आणि कवच व पुंजका यांच्यामध्ये स्वच्छ मोकळी जागा. टिनियाचं अंडं गोल, जाड कवचाचं, त्या कवचावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा, आत सहा आकड्या.

तरीही नुसत्या नजरेवर विसंबू नये. नेत्रभिंगात बसवलेल्या मोजपट्टीने माप घ्यायचं. केवळ मापावरून कितीतरी चुका टळतात: फुलांचे परागकण, पिठूळ पदार्थातले स्टार्चचे कण, यीस्ट, मेदाचे थेंब, धान्यातल्या किडीची अंडी, हे सगळं शौचात येतं आणि घाईत असलेल्या माणसाला फसवतं.

'एंटामिबा हिस्टोलिटिका सिस्ट सीन' असं आलंय. मला अमिबिक आव झाली आहे का?

याचं खरं उत्तर आहे: एवढ्यावरून सांगता येत नाही. हा विषय महाराष्ट्रात घरोघरी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चार केंद्रकांची, १० ते २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सिस्ट दिसली की लॅब हिस्टोलिटिका लिहायची, ही वर्षानुवर्षांची रीत. पण हुबेहूब तशीच दिसणारी आणि बहुधा कसलाही आजार न करणारी दुसरी जात आहे, एंटामिबा डिस्पार. फ्रान्सच्या ब्रुम्प्त यांनी १९२५ मध्येच ही वेगळी असल्याचं म्हटलं होतं. ते मान्य व्हायला १९९३ उजाडलं. मॉश्कोव्स्की ही तिसरी जातही तशीच दिसते. मायक्रोस्कोपखाली सिस्टवरून या तिघांत फरक करता येत नाही. कितीही अनुभवी माणूस बसवा. म्हणून रिपोर्टमध्ये 'हिस्टोलिटिका किंवा डिस्पार' असं लिहिणं प्रामाणिक आहे आणि आम्ही तसंच लिहितो.

एक खूण मात्र वजनदार आहे. ताज्या, रक्त-आव पडणाऱ्या नमुन्यात ट्रोफोझॉइट दिसला आणि त्याच्या पोटात गिळलेल्या तांबड्या पेशी दिसल्या, तर तो हिस्टोलिटिकाच असण्याची शक्यता फार मोठी. ही खूण अर्ध्या तासाच्या आत आलेल्या नमुन्यातच मिळते. बाकी खात्री करायची तर अँटिजेन एलायझा (अमिबाचं प्रथिन शोधणारी तपासणी) किंवा पीसीआर (त्याचा डीएनए शोधणारी). लक्षणं नसलेल्या माणसाच्या रिपोर्टवर सिस्ट दिसली म्हणून वर्षातून चारदा गोळ्या घेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

'एंटामिबा कोलाय' आणि 'ई. कोलाय' एकच का?

नाही. ई. कोलाय हा एशेरिशिया नावाचा जिवाणू. एंटामिबा कोलाय हा अमिबाच्या कुळातला, मोठ्या आतड्यात राहणारा आणि आजार न करणारा जीव; त्याच्या पक्व सिस्टमध्ये आठ केंद्रकं असतात. तो सापडला तर त्याच्यासाठी औषध नको. पण विष्ठेने दूषित झालेलं पाणी किंवा अन्न पोटात गेलंय, एवढं त्यावरून नक्की कळतं. घरातलं पाणी बघा.

मुलगी रात्री गुदद्वाराशी खाजवते, पण संडासचा रिपोर्ट स्वच्छ आहे. असं कसं?

कारण तपासणीच वेगळी हवी. हे बारीक पांढरे जंत, पिनवर्म, आतड्यात अंडी घालत नाहीत. मादी रात्री मूल झोपल्यावर गुदद्वारापाशी येते आणि तिथल्या कातडीवर अंडी चिकटवते. शौचाच्या तपासणीत ती फार थोड्या मुलांमध्ये सापडतात.

यासाठी चिकटपट्टीची तपासणी आहे. १९४१ पासून वापरात आहे आणि अजून हिच्यापेक्षा सोपी दुसरी नाही. सकाळी मूल उठल्याबरोबर, अंघोळ आणि शौचाच्या आधी करायची. पूर्ण पारदर्शक चिकटपट्टी घ्या. दुधी रंगाची घेतली तर मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही. चिकट बाजू बाहेर ठेवून ती चमच्याच्या मागच्या बाजूवर ताणून धरा, गुदद्वाराच्या घड्यांवर दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा आणि मग लॅबने दिलेल्या काचेवर चिकट बाजू खाली करून सपाट चिकटवा. हात लगेच साबणाने धुवा, नखांखालीसुद्धा, कारण ही अंडी काही तासांतच संसर्ग करण्याजोगी होतात. ओळीने तीन दिवस सकाळी केलं तर दहांपैकी नऊ मुलांमध्ये निदान होतं.

लेन्सखाली दिसणारं अंडं एका बाजूने चपटं आणि दुसऱ्या बाजूने फुगीर असतं, आत वेटोळं घातलेली अळी. एका मुलात सापडलं तर घरातल्या सगळ्यांचा विचार करावा लागतो, हे डॉक्टरांशी बोलून घ्या.

शीमध्ये काळ्या दोऱ्यांसारखं काहीतरी दिसलं. जंत असतील का?

बाळाला केळं भरवलं होतं का? केळ्याच्या गाभ्यातले धागे शीतून काळे, बारीक, हुबेहूब किड्यांसारखे बाहेर येतात. पालेभाजीचे तंतू, टोमॅटोची साल, आवेच्या दोऱ्या यांनीही आयांची झोप उडते. घरी ठरवत बसू नका आणि फेकूनही देऊ नका. डबीत थोडं पाणी घालून तो तुकडा तसाच आणा. वनस्पतीच्या पेशींच्या भिंती लेन्सखाली लगेच ओळखू येतात. दोन मिनिटांचं काम आहे.

शौचातून पांढरा, चपटा, फितीसारखा तुकडा पडला. तो आणू का?

जरूर आणा, सलाइनमध्ये किंवा साध्या पाण्यात, आणि उघड्या हाताने धरू नका. तो पट्टकृमीचा खंड असतो. डुकराच्या मांसातून येणारा टिनिया सोलियम आणि गोमांसातून येणारा टिनिया सॅजिनाटा यांची अंडी अगदी सारखी दिसतात, त्यामुळे जात ओळखायला हा तुकडाच लागतो. दोन काचांमध्ये दाबून किंवा शाई भरून त्यातल्या गर्भाशयाच्या फांद्या मोजतात. एका बाजूला १३ पेक्षा कमी असतील तर बहुधा सोलियम, १५ च्या वर असतील तर सॅजिनाटा. सोलियमची अंडी पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊ शकतात, म्हणून ही मोजणी महत्त्वाची आणि म्हणूनच असे नमुने आम्हीही हातमोज्यांशिवाय हाताळत नाही.

अंकुशकृमी 'किती आहेत' हे कळतं का?

कळतं, काटो-काट्झ पद्धतीने. मूळ कल्पना जपानची, १९५४ सालची. आजचं रूप ब्राझीलमध्ये १९७२ मध्ये आलं. जाळीतून दाबून गाळलेलं शौच ठरावीक मापाच्या भोकात भरतात, त्यात ४१.७ मिलिग्रॅम मावतं. वर ग्लिसरिनमध्ये भिजवलेला सेलोफेन दाबून पसरवायचा, दिसलेली सगळी अंडी मोजायची आणि २४ ने गुणायचं, की एका ग्रॅममधली अंडी मिळतात. अंकुशकृमीची २,००० पेक्षा कमी म्हणजे सौम्य संसर्ग, ४,००० आणि वर म्हणजे तीव्र. घाई मात्र करावी लागते: ग्लिसरिनने अंकुशकृमीची अंडी तासाभरात इतकी पारदर्शक होतात की दिसेनाशी होतात. दुपारी जेवून येऊन बघू म्हटलं तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो. पातळ शौचावर ही पद्धत चालत नाही.

संख्या का हवी? अंकुशकृमी रक्त पितात. भातलावणीला अनवाणी चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या घेऊनही वर येत नसेल, तर जंत आहेत की नाहीत यापेक्षा किती आहेत, हा प्रश्न जास्त कामाचा ठरतो.

स्टेरॉइड सुरू करण्याआधी डॉक्टरांनी स्ट्राँगिलॉइडिसची तपासणी सांगितली. पोटाला काहीच त्रास नाही, तरी करायची?

करा. हा जंत माणसाच्या शरीरातच पुन्हा पुन्हा संसर्ग करत दशकानुदशकं गुपचूप राहू शकतो. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की त्याच्या अळ्या शरीरभर पसरतात आणि जीव जाऊ शकतो.

साध्या स्लाइडवर तो सहज निसटतो, कारण अळ्या थोड्या आणि अधूनमधून येतात. त्याच्यासाठी खास पद्धती आहेत. बेअरमन पद्धतीत जाळीच्या कापडात शौच ठेवून ते कोमट पाण्याने भरलेल्या नरसाळ्यावर टेकवतात. अळ्या उबेकडे ओढल्या जातात, पाण्यात उतरतात आणि खाली नळीत जमा होतात. दुसरी अगार प्लेटची, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थराच्या बशीची. प्लेटच्या मधोमध थोडं शौच ठेवून दोन-तीन दिवस थांबायचं. अळ्या अगारवरून सरपटताना जिवाणू सोबत नेतात, आणि त्यांच्या वाटेवर जिवाणूंच्या वसाहतींची नागमोडी रांग उठते. अळी दिसायच्या आधी तिची वाट दिसते. या दोन्हींसाठी नमुना ताजाच हवा, फ्रीजमधला चालत नाही. रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणीही इथे उपयोगाची आहे.

मग बाकी जंतांसाठी रक्ताची तपासणी का करत नाही? बोटाला टोचणं सोपं नाही का?

आतड्यातल्या बहुतेक जंतांसाठी रक्ततपासणीने निदान होत नाही. इओसिनोफिल वाढलेले दिसले तर जंतांचा संशय येतो, पण ते दम्यात आणि ॲलर्जीतही वाढतात; जिआर्डिया आणि अमिबात सहसा वाढत नाहीत. अपवाद यकृतातल्या अमिबिक गळवाचा. त्या रुग्णांच्या शौचात अमिबा बरेचदा मिळतच नाही. सोनोग्राफी आणि रक्तातल्या अँटिबॉडी यांवरून निदान होतं. गळवातून काढलेला पू चॉकलेटी रंगाचा असतो, आणि त्यात अमिबा शोधायचा तर शेवटी निघालेल्या भागात शोधायचा, कारण तो गळवाच्या भिंतीपाशी असतो.

महिनाभर पाण्यासारखे जुलाब आहेत, रूटीन रिपोर्ट दोनदा स्वच्छ आला. आता?

डॉक्टरांना विचारून 'मॉडिफाइड ॲसिड-फास्ट' रंगाची तपासणी करून घ्या, विशेषतः एचआयव्ही असेल, किडनी बदललेली असेल किंवा कॅन्सरची औषधं चालू असतील तर. तिच्यात जुलाब करणारे तीन एकपेशीय जीव शोधतात: क्रिप्टोस्पोरिडियमची ऊसिस्ट (कवचातली अवस्था) ४ ते ६ मायक्रॉनची, सायक्लोस्पोराची ८ ते १०, सिस्टोआयसोस्पोराची लांबट, २० ते ३० मायक्रॉनची. साध्या स्लाइडवर पहिल्या दोन यीस्ट समजून सोडून दिल्या जातात. या रंगात त्या निळ्या किंवा हिरव्या पार्श्वभूमीवर लालभडक उठून दिसतात. ही तपासणी रूटीनमध्ये बहुधा नसते, वेगळी सांगावी लागते.

कार्ड टेस्ट आणि पीसीआर आल्यावर मायक्रोस्कोप कशाला?

जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम यांच्या अँटिजेन तपासण्या उत्तम आहेत, कित्येकदा स्लाइडपेक्षा सरस. अमिबाचं किट घेताना ते हिस्टोलिटिका आणि डिस्पार यांत फरक करतं का, हे विचारा. काही किट करत नाहीत. पीसीआर त्याहून नेमकं. पण महाग, आणि जुलाबांची तयार पॅनेलं बहुतेक एकपेशीय जीवच शोधतात, जंत नाही. जे शोधायला सांगितलं नाही ते पीसीआरला सापडत नाही. मायक्रोस्कोपवर बसलेल्या माणसाला मात्र समोर येईल ते दिसतं.

लघवीत जंताची अंडी असतात का?

आपल्याकडे अगदी क्वचित. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५० च्या दशकात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमाचे, म्हणजे रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या एका जंताचे, रुग्ण आढळले होते. आता विचार करावा लागतो तो आफ्रिकेत काम करून परतलेल्या माणसाच्या लघवीत रक्त दिसलं तर. सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यानची लघवी द्यायची, तेव्हा अंडी सर्वांत जास्त पडतात.

नमुन्याआधी कोणती औषधं टाळायची?

अँटिबायोटिक किंवा जंतांचं औषध नुकतं घेतलं असेल तर साधारण दोन आठवडे थांबावं लागतं. बेरियम पाजून एक्स-रे काढला असेल तर आठ-दहा दिवस. एरंडेल किंवा पॅराफिन तेलाचा जुलाब नको. तेलाचे थेंब सगळी स्लाइड व्यापतात. ॲसिडिटीचं पातळ औषधही अडचण करतं. आधीच घेतलं असेल तर लपवू नका, डबीसोबत सांगा.

शाळेत मुलांना तपासणी न करताच जंताची गोळी देतात. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे. राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाला. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोल देतात. प्रत्येक मुलाचे तीन नमुने तपासायचे म्हटलं तर गोळीपेक्षा तपासणीचाच खर्च कितीतरी पट होईल, आणि गोळी सुरक्षित आहे. पण ही गोळी जिआर्डियाच्या किंवा अमिबाच्या उपचाराची जागा घेत नाही. मुलाला सतत जुलाब होत असतील, वजन वाढत नसेल, तर 'शाळेत गोळी दिली आहे' म्हणून तपासणी टाळू नका.

औषध संपलं. पुन्हा तपासायचं का आणि कधी?

औषध संपल्याच्या दुसऱ्या दिवशी डबी आणू नका. त्या रिपोर्टला अर्थ नसतो. जिआर्डियासाठी त्रास राहिला तर दोन ते चार आठवड्यांनी. गोल जंत आणि अंकुशकृमीसाठीही साधारण तेवढ्याच अंतराने, आणि शक्य असेल तर पहिल्यांदा जी पद्धत वापरली होती त्याच पद्धतीने, म्हणजे तुलना करता येते. पट्टकृमीत एक महिन्याने आणि पुन्हा तीन महिन्यांनी, कारण त्याचं डोकं आतड्याला चिकटून राहिलं असेल तर नवे खंड पडायला तेवढा काळ लागतो. येताना जुना रिपोर्ट सोबत आणा.